गाळलेला पाचवा

पाचवा सूर गाळायला मला चार महिने लागले. हे वाचून ज्यांना काही कळलं नसेल त्यांनी घाबरू नये, तेव्हा मलाही कळत नव्हतं. मी सातवी नापास माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला प्रेसवर उभा राहायचो, तीनला सुटायचो, आणि चारच्या आत कोपरीतल्या आमच्या खोलीत लाकडी कपाटाला बासगिटार टेकवून बसलेलो असायचो. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. त्या चार महिन्यांत आमच्या घरात एक गोष्ट घडली. त्यातली अर्धी विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत होती. उरलेली अर्धी तिलाही नव्हती. आता ती नाही, म्हणून लिहितो.

आमच्या दोन खोल्या होत्या, एक बाहेरची आणि एक स्वयंपाकाची, मध्ये दाराच्या जागी पडदा. बाहेरच्या खोलीत अण्णांची खाट, कपाट, आणि कपाटावर लाल फडक्यात बांधलेली पेटी. अण्णा म्हणजे माझे वडील. रंगाच्या कारखान्यात कामाला, पण चाळीत त्यांना सगळे बुवा म्हणायचे, कारण आमच्या गावच्या मंडळींचं जे भजनी मंडळ ठाण्यात होतं त्याचे ते बुवा. आमच्या कोकणी भजनात बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि स्वतः गातो, बाकीचे मागून धरतात. दर एकादशीला भजन आमच्याच खोलीत. त्या दिवशी सकाळपासून घरात दाण्याच्या कुटाचा आणि तुपातल्या जिऱ्याचा वास. आई परातभर साबुदाण्याची खिचडी करायची आणि वर म्हणायची, उपास आहे. पेटीवर कुंकवाचं बोट असायचं. आंघोळ केल्याशिवाय अण्णा तिला हात लावत नसत आणि घरातल्या बाईमाणसानं तर तिच्यावरची धूळसुद्धा पुसायची नाही. धूळ अण्णा पुसायचे, आपल्या धुतलेल्या पंच्यानं. मी लहानपणापासून टाळ वाजवायचो. बुवांचा मुलगा म्हणून पुढे बसायचो आणि बुवांचा मुलगा म्हणूनच सगळ्यात जास्त शिव्या खायचो.

गिटार पास्कूची. पास्कू आमच्या कारखान्यात फिटर होता, खाडीकडच्या गावठाणातला ख्रिश्चन. त्याचं घर म्हणजे पुढे केळी, मागे भाताचा तुकडा, भिंतीवर मेरीमाता आणि मेरीमातेच्या शेजारी खिळ्याला ही बासगिटार. तरुणपणी तो लग्नांच्या बॅंडात आणि मुंबईच्या एका हॉटेलात वाजवायचा. मग डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. ज्या प्रेसवर गेली त्याच प्रेसवर मला उभा केलेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, "गातोस काय रं?" मी म्हटलं, टाळ वाजवतो. म्हणाला, "मंग ताल हाय तुला. रविवारी घरी ये. आन् तोवर बोटं सांभाळ." रविवारी त्याची बायको तेलात फुगे तळायची, आंबवलेल्या पिठाचे, लिंबाएवढे. मी पंधरा-पंधरा खायचो. घरी आई विचारायची, तिथं काही खाल्लंस का. मी सांगायचो, फक्त चहा. तिला ते खरं वाटत नसे, पण तिला हवं ते उत्तर मिळालेलं असायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार सूर एकदम वाजवले की कॉर्ड. बासवर ते एकदम वाजवले तर नुसती घरघर होते, म्हणून एकेक करून वाजवायचे, जिना चढल्यासारखे आणि उतरल्यासारखे. ते आर्पेजिओ. पास्कू त्याला आरपेज म्हणायचा. स्वतः वाजवू शकत नव्हता, म्हणून तोंडानं म्हणून दाखवायचा आणि उरलेल्या बोटांनी माझ्या गुडघ्यावर ठोकायचा. साधे आरपेज मला महिनाभरात आले, तेव्हा त्यानं गिटार मला घरी न्यायला दिली. सा, ग, प, आणि वर कोमल नी. मग एक दिवस त्यानं ऑल्टर्ड कॉर्ड काढली, म्हणजे काही सूर जागेवरून सरकवलेली.

"हे बघ बबन, सा घरात हाय, ग हाय, नी हाय. पाचवा, तुमचा प, घरात नाय. त्याच्या जागेवर कोन बसलाय? त्याचा अलीकडचा शेजारी न् पलीकडचा शेजारी. दुसऱ्याचं पन तसंच. रे नाय, पन रेच्या दोन्ही बाजूची मानसं हायत."

"मग पाचवा गेला कुठं?"

"मेला समज."

विमलच्या दहाव्याला दोन्ही बाजूंच्या ब्लॉकमधली माणसं आमच्याकडे येऊन बसलेली, आणि मला पास्कूचं हे बोलणं आठवलं. आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा अर्थ काढत बसू नये.

ऐकायला ही कॉर्ड कशी लागते ते पास्कू असं सांगायचा की घशात मासळीचा काटा अडकल्यासारखी. पुढची कॉर्ड आली की काटा निघतो आणि माणसाला बरं वाटतं. पण बरं वाटण्यासाठी आधी काटा नीट अडकायला पाहिजे. माझा अडकतच नव्हता. बासवर पाचव्याची जागा सगळ्यात सोपी. सा वर बोट असलं की पुढच्या तारेवर दांडीवरचे दोन पडदे पुढे. बासवाल्याचं बोट तिथं झोपेतही जातं. अलीकडचा शेजारी एक पडदा पुढे, पलीकडचा तीन पडदे पुढे. म्हणजे मधली जागा तेवढी ओलांडायची. डोक्याला सगळं समजायचं. बोट मात्र पाचव्यावरच पडायचं, कारण मी जन्मापासून भजनात बसलेलो. आमच्याकडे सा आणि प लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अण्णा पेटीवर आधी ते दोन सूर धरायचे आणि मग डोळे मिटायचे. वीस वर्षं ते कानात मुरलेलं. पास्कू कंटाळला. म्हणाला, "तुझ्या बोटात तुझा बाप बसलाय. त्याला उठव." मग म्हणाला, खाली कुणीतरी सा, ग, नी धरून ठेवायला पाहिजे. ते वाजत असताना तू पाचव्यावर गेलास की तुला ऐकू येईल की काटा निघाला. नुसत्या तारांवर कळणार नाही.

घरात अॅम्प्लिफायर नव्हता. बासचं वरचं शिंगासारखं टोक कपाटाच्या दाराला टेकवायचं, मग लाकूड घुमायचं आणि वरच्या खणातल्या कपबशा किणकिणायच्या. शेजारच्या काकू आधी समजायच्या की आमच्याकडे कुणीतरी घोरतंय. पण सूर धरायला काय? कपाटावर पेटी होती.

विमल राजापूरकडची. तिचे मामा गावात बुवा, त्यामुळे तिला सूर म्हणजे काय हे सांगावं लागत नसे. आवाज जाडसर, बायकी कमी. पाणी भरताना, पोळ्या लाटताना ती गुणगुणायची. एकादशीला पडद्याआड बसून मंडळींबरोबर धरायची, आणि मंडळींपेक्षा नीट धरायची. अण्णा दाखवायचे नाहीत पण त्यांना ते आवडायचं. एकदा जेवताना भिंतीकडे बघून म्हणालेले, "सुनेचा सूर लागतो." आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणाचं झालेलं मला आठवत नाही.

पेटी काढूया म्हटल्यावर ती आधी माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, देवाची पेटी ती. अण्णांना कळलं तर?"

"अण्णा पावणेसहाला येतात."

"आणि देवाला कळलं तर?"

"देव पाळी करत नाही. त्याला दुपारचं काय कळतंय."

"फार बोलता तुम्ही," ती म्हणाली. पण उठली, हातपाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, पेटीला नमस्कार केला आणि मगच मला ती उतरवू दिली. आई त्या वेळी शेजारी वाती वळायला जायची. जाताना सांगून जायची, "मी सहाला येईन हो, आधी नाही येणार." तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते मी कधी विचारलं नाही.

एका हातानं भाता ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी तीन पट्ट्या दाबून ठेवायच्या, तासभर. चौथ्या दिवशी तिच्या मनगटाला कळ लागली. शिवाय संध्याकाळचे तांदूळ निवडायचे राहायचे. तेव्हा मी युक्ती काढली. खराट्याचे हीर तोडले, बोटभर तुकडे केले, आणि पट्टी दाबून दोन पट्ट्यांच्या फटीत एकेक ठोकला. पट्टी खालीच राहते. तीन तुकडे, तीन सूर. विमल म्हणाली, "खराट्याचे? देवाच्या पेटीत?" मी म्हटलं, नवा खराटा आहे, अजून अंगणाला लागलेला नाही. ही युक्ती माझी, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्यानंतर ती डाव्या हातानं भाता ओढायची आणि उजव्या हातानं सुपातले खडे काढायची, आणि मी कपाटापाशी.

"गेलात," ती म्हणायची. मान वर न करता.

"कुठे?"

"माहेरी. कुठे काय. मला बघा, सात महिन्यांत एकदा गेले. तुम्ही दर मिनिटाला."

तेव्हापासून पाचव्याचं नाव माहेर. मी पुन्हा खालून चढायचो. सा, ग, अलीकडचा शेजारी, पलीकडचा शेजारी, नी, मग वरच्या रेच्या दोन्ही बाजू. पुन्हा खाली. सुपात तांदूळ सळसळायचे, पेटी भणभणायची, आणि मध्येच, "गेलात." कधी मी चुकलोय हे मला कळायच्या आधी तिला कळायचं. कधी बोट पडायच्या आधीच म्हणायची. मी विचारलं, अजून तर गेलो नव्हतो. म्हणाली, "निघाला होतात." हळूहळू दिवसाला दहा वेळा, पाच वेळा, दोन वेळा. चौथा महिना लागला आणि एक दिवस तांदूळ निवडून झाले तरी ती काही बोलली नाही. मी थांबलो. ती म्हणाली, "बसला काटा."

त्याच आठवड्यात बोलावणं आलं. डोंबिवलीतल्या एका ऑर्केस्ट्राचा बासवाला आखाताला चाललेला. आमच्या कारखान्यातला एक जण तिथं ढोलक वाजवायचा, त्यानं माझं नाव घातलं. म्हणाला, ऑर्केस्ट्राचे मास्टर प्रत्येकाला ऐकून घेतात, ही एकादशी सोडून पुढच्या एकादशीला रविवार आहे, दुपारी तीनला ये. पास्कूनं मास्टरबद्दल ऐकलेलं. म्हणाला, तो कागदावर लिहिलेले बाजे, म्हणजे गाण्यातले वाद्यांचे तुकडे, वाजवून घेतो, पहिल्यांदा ऑल्टर्डच विचारणार, तिथंच सगळे मरतात. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आता सांगून पटणार नाही. मी आठ तास त्या प्रेससमोर उभा राहायचो आणि दर खेपेला हात आत जाताना पास्कूचा हात डोळ्यांसमोर यायचा. अण्णांना गिटार ठाऊक होती, पेटीचं नाही. गिटारबद्दल त्यांनी एकदाच सांगितलेलं, "ते लाकूड भजनाच्या आड आलं की दुसऱ्या दिवशी खाडीत जाईल." अण्णा जे म्हणायचे ते करायचे.

त्याच्या आधीची एकादशी. मंडळी जमलेली, दहा-बारा जण, खोली भरलेली. अण्णांनी फडकं सोडलं, पेटीला नमस्कार केला, भाता ओढला. आणि कुठल्याही पट्टीला हात लावलेला नसताना पेटीतून एक सूर निघाला. कोमल नी. अण्णांनी भाता थांबवला, सूर थांबला. ओढला, पुन्हा निघाला. त्यांनी ती पट्टी वर-खाली केली. वर येईना. त्यांनी तसंच सा आणि प धरून बघितलं, तर त्यांच्यात तो नी घुसलेला, काढता येत नाही आणि झाकताही येत नाही. पखवाजावर तात्या होते, मंडळातले सगळ्यात म्हातारे आणि तोंडाळ. ते म्हणाले, "बुवा, आज पेटीच बुवा झाली. ती म्हणेल, आपण धरू." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आईकडून केसांचा आकडा मागून घेतला, पेटीचं वरचं झाकण काढलं आणि फटीतून हिराचा तुटका तुकडा बाहेर काढला. अर्ध्या बोटाएवढा. तळहातावर ठेवून दिव्याखाली धरला. तो खराट्याचा हीर आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं. तात्या म्हणाले, "बुवा, पेटी झाडून घेता वाटतं हल्ली." या वेळी कुणी हसलं नाही.

"हा कुणी घातला?" अण्णांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

मी टाळ मांडीवर ठेवून बसलेलो, अण्णांपासून हातभर अंतरावर. बोलायला एक क्षण होता, आणि तो मोठा होता, उगाच कमी सांगत नाही. मला पंधरा दिवसांवरची डोंबिवली दिसत होती आणि खाडी दिसत होती. पडदा हलला. विमल बाहेर येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात उलथनं.

"मी," ती म्हणाली.

"तू?"

"मी काढली पेटी. वाजवून बघत होते. पट्टी दाबून ठेवायला हीर घातला, तुटला असेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला गायचं होतं."

अण्णा माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

अण्णांनी तो तुकडा दाराबाहेर टाकला, हात धुऊन आले, पेटीवर पाणी शिंपडलं. मग सगळ्या मंडळींच्या देखत म्हणाले, "आजपासून भजनाच्या वेळी तू बाहेर यायचं नाहीस. आतून धरायचंही नाही. या घरात मला तुझा सूर ऐकू येता कामा नये. चहा आत कर, बाहेर आणायला माणसं आहेत." विमल "बरं" म्हणाली आणि आत गेली. अण्णांनी डोळे मिटले आणि पहिला अभंग सुरू केला. मी टाळ वाजवला. ताल चुकला नाही. त्याची मला आजही शरम वाटते, पण नव्हता चुकला.

दुसऱ्या दिवशी पेटी एका खोक्यात गेली, खोक्याला कुलूप आलं आणि किल्ली अण्णांच्या गळ्यात. दुपारी मी विमलला विचारलं, तू का बोललीस. ती सूप पुढ्यात घेऊन बसलेली. म्हणाली, "तुम्ही बोलणार होतात का?" थोडे खडे काढून झाल्यावर म्हणाली, "वाजवा. दिवस कमी आहेत." मी म्हटलं, पेटी नाही आता, कळणार कसं. म्हणाली, "मला ऐकू येतेय ती. तुम्ही वाजवा." आणि खरंच, पेटी नसताना ती मला धरायची. पंधरा दिवसांत चार वेळा "गेलात" म्हणाली, चारही वेळा मी गेलेलो. पण गुणगुणणं बंद झालं. पाणी भरतानाही बंद, पोळ्या लाटतानाही बंद. अण्णांनी फक्त भजनाच्या वेळचं सांगितलेलं की सगळ्याच वेळचं, हे कुणी त्यांना विचारलं नाही. तिनं सगळ्याच वेळचं धरलं.

आता आम्ही डोंबिवलीजवळच्या कोपरला राहतो, म्हणजे मी राहतो, मुलगा-सुनेबरोबर. इथं सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे. माईक, सारख्या साड्या, सगळं. दर गुरुवारी विमलला बोलवायला यायच्या. ती त्यांना सांगायची, "मला नाही हो येत. मला सूर नाही." मी पेपर वाचत समोर बसलेलो असायचो. अण्णांना जाऊन तीस वर्षं झालेली. तिला कुणी बंदी घालणारं उरलं नव्हतं, तरी ती असंच सांगायची आणि त्यांना लाडू द्यायची. मी म्हणू शकलो असतो, खोटं बोलते ही. पेपर उलटायचो.

तर डोंबिवली. एका हॉलवरची लांबट खोली, सतरंजी, कोपऱ्यात भांडी, कारण खाली लग्नाचं जेवण चाललेलं आणि मठ्ठ्याचा वास वर येत होता. मास्टर बुटके, सफारी घातलेले, पुढ्यात ॲकॉर्डियन. माझ्या आधी दोन जणांना ऐकून घरी पाठवलं होतं. गिटार अॅम्प्लिफायरला लावली. माझी गिटार मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकली आणि दचकलो. मास्टर म्हणाले, "बाबा, सा-प, सा-प येतं का?"

मला वाटलं, ही सुरुवात असेल. म्हटलं, येतं.

"मग धर. ठेक्याबरोबर. थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

ढोलक सुरू झालं. मी सा आणि पाचवा, सा आणि पाचवा धरून राहिलो. गाणी बदलत गेली, पट्टी बदलली, मी तेच. अर्धा तास. पाचवा असा वाजवला की चार महिन्यांचं सगळं त्यानं धुऊन काढलं. बोट इतकं खूश होतं की मला त्याचा राग आला. शेवटी मास्टरांनी हात वर केला आणि म्हणाले, "दमत नाही, मध्येच शहाणपणा करत नाही. ठेवा याला. पुढच्या शनिवारपासून ये."

मी उभाच राहिलो. म्हटलं, "मास्टर, ऑल्टर्ड पण येतात मला. आरपेज. वाजवून दाखवू?"

मास्टरांनी कुतूहलानं बघितलं. ढोलकवाला हसला. मास्टर म्हणाले, "अरे, गणपतीच्या मांडवात लोक शिट्ट्या मारायला येतात. तिथं ते कुठं वाजवतोस. कुणी शिकवलं तुला?" मी पास्कूचं नाव सांगितलं. म्हणाले, "चांगलं शिकवलं असेल. कधीतरी वाजव." पुढे मी त्यांच्याकडे आणि इतरांकडे मिळून अठरा वर्षं वाजवलं. कारखाना सुटला, दहाही बोटं शाबूत राहिली. ती कॉर्ड दोनदा लागली असेल. दोन्ही वेळा बरोबर वाजली आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांत विमल नव्हती.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागलेले आणि भजन सुरू झालेलं. दारात चपलांचा ढीग. अण्णांनी गाता गाताच माझ्या खांद्यावरच्या गिटारकडे बघितलं, मग टाळाकडे बघितलं, म्हणजे बस. मी भिंतीकडेनं आधी आत गेलो. विमल स्टोव्हपुढे बसलेली, आधणात चहाची पूड टाकत होती. बाहेर पेटी, पखवाज, दहा माणसांचे आवाज, त्यामुळे मला वाकून तिच्या कानाशी बोलावं लागलं.

"घेतलं मला."

तिनं पदरानं घाम पुसला. चेहऱ्यावर काही येऊ द्यायची तिची पद्धत नव्हती, पण हातातला चमचा तिनं खाली ठेवला. मग विचारलं, "गाळलात पाचवा?"

खरं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की तो गाळायचाच नव्हता, आणि तू ज्याच्यासाठी तोंड बंद करून घेतलंस ते त्यांनी विचारलंच नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती थांबलेली, माझं उत्तर ऐकायला, जशी दुपारी सूप थांबवून ऐकायची.

"गाळला," मी म्हटलं. "एकदाही गेलो नाही."

"मग झालं," विमल म्हणाली.

तिनं चहा गाळला. बाहेर अभंग संपला आणि तात्यांनी हाक मारली, "अगो, चहा आहे की नाही आज?" तिनं कप मोजून ट्रेमध्ये लावले, ट्रे माझ्या हातात दिला आणि पडदा बाजूला धरला, स्वतः आतच राहून.